घर ओढलं तेव्हा

बारा जोड्या बैल आले होते,
त्यातले दोन पलीकडच्या बेटावरून, होडीत उभे राहून.
बेल्मिरा मावशीच्या घराखालची वाळू सरकत चालली होती,
म्हणून घरच वर टेकडीवर न्यायचं ठरलं,
दारं-खिडक्या, चूल, आणि भिंतीवरच्या लाकडी खवल्यांसकट.
चिलोएत ह्याला मिंगा म्हणतात.
मजुरी नसते. रात्री पोटभर जेवण असतं,
आणि पुढे कुणाचं बोलावणं आलं
की नाही म्हणायचं नसतं.

दुपारी ओंडका दोनदा तुटला.
एवारिस्तोचा ओरडून घसा बसला.
उजेड गेला तेव्हा घर अर्ध्या चढावर,
ओहोटीत रुतलेल्या होडीसारखं तिरकं.
मग मी फोन काढला.
अकरा मिनिटं, बॅटरी संपेपर्यंत.

घरी येऊन पाहिलं तर नुसता काळोख,
काळोखात मुंग्यांसारखे वळवळणारे ठिपके.
आवाज तेवढे शाबूत:
दोर करकरतो, कुणीतरी हसतं,
एक बैल फुरफुरतो.

फोन म्हणाला, सुधारून देतो,
पण व्हिडिओ क्लाउडवर पाठवावा लागेल.
आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या पायरीवर येते,
तिथे रात्रभर ठेवला, पावाच्या पिशवीत गुंडाळून.
मावशीनं वर बोट केलं,
तीन आठवडे जागचा न हललेल्या ढगाकडे.
"ह्यात?"
"नाही गं. लांब कुठेतरी मोठी शेड असते, पंखे लावलेली.
तिथली यंत्रं एकेक चित्र घासून पुसून परत पाठवतात."
"म्हणजे तिकडेही आपलं घर ओढतायत," ती म्हणाली.
"त्यांना जेवायला काय घालतात?"

प्रक्रिया सुरू आहे.
दुसऱ्या दिवशीही सुरूच होती.
आम्ही बटाटे सोलले, चुलीचा पाइप बसवला,
दार नव्या जमिनीवर लागेना, ते तासून घेतलं.

आलं ते संध्याकाळी.
आभाळ निळं, जे त्या वेळी नव्हतंच.
बैलांची ओली नाकं, गवताची पाती,
एवारिस्तोच्या स्वेटरचं उसवलेलं कोपर.
मावशी एकेकाचं नाव घेत गेली,
आणि तिसऱ्या दोराच्या टोकाशी थांबली.

कानटोपी खाली ओढलेला माणूस.
रोसामेल मामा.
कुंपणावरून सहा वर्षं बोलणं बंद.
घर समुद्रात गेलं तरी दोराला हात लावणार नाही,
असं चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला होता.
जेवायला तर कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, खरं नसेलही.
जिथे दिसत नाही तिथे यंत्र अंदाज करतं,
ह्याचं नाक त्याला लावतं.
"नाक राहू दे," मावशी म्हणाली. "हात बघ.
डावा पुढे, अंगठा आत.
बाबांनी त्याला तसंच शिकवलं होतं.
यंत्राला कोण सांगणार?"

तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं.
मग पुन्हा.
चुलीवर पाणी उकळून अर्धं झालं.

"पूस हे."
"का?"
"उजेडात यायचं असतं तर दुपारी आला असता."

फोननं विचारलं, नक्की?
मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकी पुसत होती.
नवी जागा उंचावर आहे,
तिथून त्याचं धुराडं दिसतं.

पुसलं.
मूळचा व्हिडिओ राहिला:
ठिपके, दोर, हसणं.

शनिवारी तिनं धुरावलेले शिंपले,
अर्धं चीज, गरम भाकरीसारखे बटाट्याचे चार मिल्काओ
फडक्यात बांधून माझ्या हातात दिले.
"जाताना कुंपणाच्या खांबावर ठेव.
अंधार पडल्यावर.
आणि टॉर्च लावू नको."